इंजिनात आणखी एक बाटली कशाला?

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत काय किंवा शहरातल्या दुसऱ्या कुठल्या जुन्या पेठेत काय, दुचाकी ऑइल बदलायला लावली की एक प्रश्न ठरलेला असतो. "मालक, यात ती छोटी बाटली टाकू काय? आवाज बसतो, ॲव्हरेज वाढतं बघा." चारचाकीच्या चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये हाच प्रश्न छापील कागदावर येतो. तिथे त्याला 'इंजिन ट्रीटमेंट' किंवा 'इंजिन कोटिंग' म्हणतात आणि तो बिलात वेगळ्या ओळीवर बसतो. बाटली लहान असते, पण तिची किंमत पुष्कळदा इंजिनात जाणाऱ्या सगळ्या ऑइलच्या जवळपास जाते. आत काय आहे हे मेस्त्रीला ठाऊक नसते आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. घर्षण कमी झाले की इंजिन हलके चालणार, झीज थांबणार आणि पेट्रोल वाचणार, हे तर्काला पटते आणि व्यवहार होऊन जातो. या तर्काचा पाया खरा आहे. चूक पुढच्या पायरीवर होते. घर्षण कमी करणारी रसायने चांगल्या ऑइलमध्ये आधीच मोजून घातलेली असतात. वरून आणखी काही ओतले की तयार होणारे मिश्रण कोणीही तपासलेले नसते, आणि त्याची जबाबदारी ना ऑइल कंपनीची राहते, ना गाडीच्या कंपनीची.

आधी घर्षणाचा हिशेब पाहू, कारण बाटलीवरचे सगळे दावे त्यावरच उभे आहेत. फिनलंड आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली जगभरातल्या मोटारींचा सरासरी ऊर्जाहिशेब मांडला. इंधनातली ऊर्जा १०० भाग धरली, तर ३३ भाग गरम धुरावाटे जातात, २९ भाग इंजिन थंड ठेवण्यात जातात आणि ३८ भाग यांत्रिक शक्ती म्हणून हाती लागतात. या ३८ पैकी ५ भाग हवेचा विरोध कापण्यात खर्च होतात आणि उरलेले ३३ वेगवेगळ्या घर्षणावर: टायर, ब्रेक, गिअर आणि इंजिन. एकट्या इंजिनाच्या आतले घर्षण साधारण साडेअकरा भाग खाते. हा वाटा लहान नाही, म्हणूनच त्यामागे एक अख्खे शास्त्र उभे आहे. पण याच आकड्यांतून दाव्यांची मर्यादाही निघते. इंजिनातले घर्षण पूर्ण शून्य झाले, जे कुठल्याही चालत्या यंत्रात अशक्य आहे, तरी ३८ पैकी साडेअकरा भाग वाचतील, म्हणजे इंधनाची बचत सुमारे ३० टक्के होईल. एखादी बाटली २० टक्के बचतीचे वचन देत असेल, तर इंजिनातले दोन तृतीयांश घर्षण आपण नाहीसे करतो, असे तिचे म्हणणे आहे. खरी वाढ किती असते, याचा अंदाज अमेरिकी सरकारच्या इंधनबचतीच्या सल्ल्यावरून येतो. उत्पादकाने सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल वापरले, तर फायदा होतो १ ते २ टक्के. वंगणाच्या जगात इतक्याशा टक्क्यांसाठी वर्षानुवर्षे संशोधन चालते.

घर्षण सगळीकडे एका जातीचेही नसते. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये धातू धातूला टेकतच नाही. फिरता शाफ्ट तेलाच्या दाबावर तरंगत असतो, आणि तिथला विरोध हा तेलाच्या थरांचा आपसातला विरोध असतो. धातूच्या पृष्ठभागावर बसणारे रसायन तिथे काही करू शकत नाही, तिथे ग्रेड काम करते. पिस्टनच्या रिंगा मात्र सिलिंडरच्या वरच्या टोकाला क्षणभर थांबून उलट फिरतात. त्या क्षणी तेलाची फिल्म इतकी पातळ होते की धातूची टोके एकमेकांना भिडतात. कॅमशाफ्टचा उंचवटा जिथे टॅपेटवर घासतो, तिथेही हेच होते. तेलात मिसळलेल्या अशा रसायनांचे, म्हणजे ॲडिटिव्हचे, खरे काम अशाच मोजक्या जागी असते.

कॅमशाफ्टची गोष्ट सोलापूरकराला परकी वाटायला नको. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही १९९२ साली सुरू झालेली कंपनी याच शहरातली. ती देशी-विदेशी मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. तिची ओळख आहे चिल्ड कास्ट आयर्नच्या कॅमशाफ्टसाठी, आणि ही पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. वाळूच्या साच्यात जिथे कॅमचे उंचवटे येणार, तिथे लोखंडाचे तुकडे बसवतात. वितळलेले बीड त्यांना टेकताच झटक्यात गार होते. कार्बनला ग्राफाइट होऊन बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो कार्बाइडच्या रूपात अडकून राहतो आणि तेवढा भाग अतिशय कठीण होतो. शाफ्टचे बाकीचे अंग सावकाश गार होते, म्हणून ते मऊ आणि लेथवर कापता येईल असे राहते. एकाच ओतकामात दोन स्वभावांचा धातू! मग उंचवटे ग्राइंडिंगने गुळगुळीत करतात. घर्षण आणि झीज रोखायची पहिली लढाई अशी ओतशाळेतच लढली जाते. दुसरी लढाई ऑइलमध्ये. त्यात झिंक, फॉस्फरस आणि गंधक असलेले झेडडीडीपी नावाचे संयुग असते. १९४०च्या दशकात ते बेअरिंग गंजू नयेत म्हणून वापरात आले आणि झीज रोखण्याचा त्याचा गुण नंतर लक्षात आला. कॅम आणि टॅपेट घासून तापले की हे संयुग तिथेच विघटन पावते आणि धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा थर धरते. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. झिजतो तो हा थर, आणि तो पुन्हा तयार होतो. धातू वाचतो.

म्हणजे बाजारातला ऑइलचा कॅन हे काही नुसते तेल नव्हे. त्यातले ७० ते ९० टक्के मूळ तेल असते आणि उरलेली सगळी ॲडिटिव्ह. काजळी धुणारी, ती तरंगत ठेवणारी, फेस मोडणारी, आम्ल मारणारी, तेल उष्णतेत फार पातळ होऊ न देणारी, झीज रोखणारी. अनेक कार-ऑइलांत त्यावर घर्षण कमी करणारी, उदाहरणार्थ मॉलिब्डेनमची विरघळणारी संयुगे. ही सगळी धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागेसाठी एकमेकांशी झगडतात. काजळी धुणारे रसायन जास्त झाले तर झेडडीडीपीचा थर नीट बसत नाही. घर्षण कमी करणारे जास्त झाले तरी तीच अडचण. फॉस्फरस वाढवला तर धुरातून जाऊन तो धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. म्हणूनच नव्या पेट्रोल कार-ऑइलांच्या नेहमीच्या पातळ ग्रेडमध्ये दहा लाख भागांत ८०० भागांपेक्षा जास्त फॉस्फरस चालत नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आल्यावर हा कन्व्हर्टर दुचाकीवाल्याचाही खर्चिक भाग झाला आहे. कॅनवर एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेची एसएन किंवा एसपी अशी अक्षरे दिसतात, तेव्हा त्या नेमक्या मिश्रणावर खऱ्या इंजिनांत झीज, गाळ, गंज आणि इंधनखर्च यांच्या ठराविक चाचण्या झालेल्या असतात. त्यात बाटलीभर काही मिसळले की ती अक्षरे आपल्या इंजिनातल्या द्रवाला लागू राहत नाहीत. नेहमीच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलीत ऑइल मावते लिटरच्या आतबाहेर. त्यात १०० मिलीची बाटली गेली तर दहावा हिस्सा बदलला. असा बदल कुठलाही रसायनतज्ज्ञ चाचणीशिवाय करणार नाही.

दुचाकीचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. मोटारीत इंजिनचे ऑइल इंजिनातच राहते, क्लच बाहेर कोरडा असतो आणि गिअरचे तेल वेगळे. मोटारसायकलीत मात्र इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स या तिघांना एकच ऑइल. क्लचच्या घर्षणपट्ट्या आणि पोलादी चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात आणि तेलात बुडूनही त्यांनी एकमेकांना घट्ट धरायचे असते. पिस्टनला घर्षण नको असते, क्लचचे सगळे काम घर्षणावरच चालते, आणि दोघांच्या अंगावर तेल तेच. हा पेच सोडवण्यासाठी जपानच्या जासो या प्रमाणसंस्थेने १९९८ साली टी-९०३ हे मानक आणले. त्यातले एमए आणि एमए-२ म्हणजे क्लच न घसरवणारे ऑइल. एमबी म्हणजे घर्षण आणखी कमी असलेले, गिअर नसलेल्या स्कूटरसाठी, कारण तिथे क्लच कोरडा आणि बेल्टवर चालणारा असतो. स्कूटरचे ऑइल मोटारसायकलीत ओतले, किंवा 'कारचे महाग तेल म्हणजे चांगलेच असणार' म्हणून ते दुचाकीत घातले, तर काय होते हे जाणता मेस्त्री एका वाक्यात सांगतो: गाडी रेस घेते, पण पळत नाही. चढावर इंजिन ओरडते, वेग वाढत नाही, जळका वास येतो आणि पुढच्या सर्व्हिसिंगला क्लचप्लेट बदलाव्या लागतात. मग एमए ऑइलमध्ये घर्षण घटवणारी बाटली ओतणे म्हणजे जासोने मोजूनमापून राखलेली पकड स्वतःच्या हाताने सोडणे. काही बाटल्यांवर 'ओल्या क्लचला सुरक्षित' असे छापलेले असते. ते खरे असूही शकते, कारण प्रत्येक रसायन क्लचवर सारखाच परिणाम करत नाही. पण त्याला पुरावा एकच: ऑइल आणि बाटली यांच्या मिश्रणाची त्या मानकानुसार झालेली चाचणी. तो कागद मागावा.

या धंद्याचा इतिहासही गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलतो. अमेरिकेत १९८०-९०च्या दशकांत 'स्लिक ५०' या नावाची बाटली प्रचंड खपली. तिच्यात पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिक तव्यावरचा पदार्थ होता. तवा गुळगुळीत तर इंजिनही गुळगुळीत, अशी ही कल्पना. पण तव्यावर पीटीएफई बसवायला पृष्ठभाग तयार करून तो साधारण ४०० अंशांपर्यंत भाजावा लागतो. हा पदार्थ वितळतोच ३२७ अंशांना. इंजिनच्या चेंबरमधले ऑइल असते शंभर-सव्वाशे अंशांच्या घरात. तिथे थर भाजून निघायचा कसा? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ साली या कंपनीच्या जाहिरातींवर आरोप ठेवले. इतर गाड्यांना सुरू होताना जवळजवळ संरक्षणच नसते, आणि आमची बाटली झीज इतकी-इतकी कमी करते, हे दावे पुराव्याविना केले, असे आयोगाचे म्हणणे होते. १९९७ साली तडजोड झाली आणि ग्राहकांना किमान १ कोटी डॉलरची भरपाई मिळण्याची सोय झाली. ड्युरा ल्यूब, मोटर अप, झीमॅक्स यांच्यावरही पुढच्या काही वर्षांत अशाच कारवाया झाल्या. घर्षण कमी करणारे रसायन अस्तित्वातच नाही, असे आयोगाने कुठेही म्हटले नव्हते. जाहिरातीतला आकडा चाचणीतून आलेला दाखवा, एवढीच मागणी होती, आणि कंपन्यांना ती पेलली नाही.

मग दुकानासमोर, प्रदर्शनात किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओत दिसणाऱ्या त्या छोट्या यंत्राचे काय? मोटरवर एक पोलादी रिंग फिरते, तिच्यावर तरफेने एक बेअरिंग दाबतात. साध्या ऑइलमध्ये ते कुरकुरत थांबते, आणि 'त्यांचे' चार थेंब पडले की माणसाने लोंबकळले तरी थांबत नाही. प्रयोग खरा असतो, हातचलाखी असेलच असे नाही. पण त्या यंत्रातला दाब आणि सपाट धातूची सलग घासणी ही इंजिनातली स्थिती नव्हे, ती गिअर किंवा धातूकापणीच्या जवळची स्थिती आहे. अशा ठिकाणी क्लोरीन असलेली तेले विलक्षण चांगली ठरतात, कारण घासण्याच्या उष्णतेत क्लोरीन लोखंडाशी संयोग पावून निसरडा थर बनवतो. तोच क्लोरीन इंजिनच्या तापमानात आणि ओलाव्यात आम्ल तयार करू शकतो, जे बेअरिंगला मानवत नाही. म्हणून इंजिनचे ऑइल बनवणारे त्याला टाळतात. टेबलावरच्या यंत्राने सिद्ध होते ते टेबलावरच्या यंत्रापुरते.

सगळ्यात जोरदार आक्षेप गिऱ्हाइकाचाच असतो: "मी टाकली आणि फरक पडला." हा अनुभव खोटा म्हणून झटकणे अन्यायाचे होईल. मात्र फरक पडला तो कशामुळे, हे तपासावेच लागते. बाटली कधी पडते? जेव्हा ॲव्हरेज घसरलेले असते, आवाज वाढलेला असतो आणि गाडी सर्व्हिसिंगला आलेली असते. त्याच दिवशी काळे, पातळ झालेले ऑइल जाऊन नवे येते, एअर फिल्टर साफ होतो, प्लग पुसला जातो, टॅपेट सेट होतात, चेनला तेल लागते, हवा भरली जाते. उद्या गाडी हलकी पळाली तर श्रेय बाटलीला मिळते, कारण ती एकच गोष्ट नवी वाटते. टाकी ते टाकी काढलेले ॲव्हरेज वारा, ओझे, सिग्नल आणि पंपावर पेट्रोल किती काठोकाठ भरले यानेच पाच-सात टक्के सहज हलते. त्या गदारोळात एक-दोन टक्क्यांचा परिणाम घरगुती मोजणीत दिसणार नाही, आणि दिसल्यासारखा वाटला तरी खरा मानता येणार नाही. आवाज बसण्याचेही तसेच. काही बाटल्यांत मुख्यतः तेल घट्ट करणारे द्रव्य असते. घट्ट तेल सैल पडलेल्या फटी भरते आणि खडखड दबते. झीज मात्र जिथल्या तिथे असते, फक्त ऐकू यायची थांबते. इंजिन काम निघाल्याची खूण दाबून टाकणे हा फायदा नव्हे.

सध्या ॲव्हरेज घसरल्याची तक्रार जास्त ऐकू येते त्याला आणखी एक कारण आहे, आणि त्याचा संबंध सोलापूरच्या शेतांशी आहे. तीसहून अधिक साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ऊस आणि इथेनॉल हे घरचे शब्द आहेत. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येते, आणि एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच हे मान्य केलेले आहे. इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनून नंतर १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ६-७ टक्क्यांनी, तशाच दुचाकींचे ३-४ टक्क्यांनी आणि १० टक्क्यांसाठी बनून २० ला जुळवलेल्या चारचाकींचे १-२ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज तिथे दिला आहे. ही घट इंधनातल्या ऊर्जेची आहे. ती घर्षणाची नाही, म्हणून घर्षणावरच्या बाटलीने ती भरून निघायची नाही. "ई-ट्वेंटीमुळे ॲव्हरेज गेलं, ही टाका" असा सल्ला कोणी दिला तर तो चुकीच्या रोगावरचा उपाय आहे.

आता दुसऱ्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा पदार्थ थापेबाजी नाही. त्याचे पत्र्यासारखे थर एकमेकांवर सहज सरकतात. जर्मनीच्या उल्म शहरातली लिक्वी मोली ही कंपनी १९५७ पासून त्यावर उभी आहे आणि तिचा माल भारतातही विकला जातो. तेल संपल्यावर किंवा फिल्म तुटल्यावर असे घन वंगण काही काळ धातू वाचवते, हेही खरे. जुन्या गाड्यांचाही एक अपवाद आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. त्या कारखान्याच्या जुन्या गाड्या कोणी हौसेने सांभाळत असेल, तर तिथला सपाट टॅपेट घासत चालतो आणि आजच्या कमी फॉस्फरसच्या पातळ कार-ऑइलचे संरक्षण त्याला कमी पडू शकते. अशा इंजिनाला झिंक जास्त हवे. पण त्यावरही उपाय म्हणजे जास्त झिंकचे, घट्ट ग्रेडचे तयार ऑइल निवडणे, अंदाजाने बाटली ओतणे नव्हे. आणि ज्या मोटारीसाठी मॉलिब्डेनम उपयोगी आहे, तिच्या चांगल्या ऑइलमध्ये ते बहुधा आधीच असते, बाकीच्या रसायनांशी जुळवून घातलेले.

त्या बाटलीचे पैसे सोलापुरात कुठे जास्त कामी येतील, हे इथल्या हवेवरून आणि रस्त्यांवरून ठरते. उन्हाळ्यात पारा ४२-४३ च्या वर जातो, थंडी मात्र मोजकी. २०डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीतल्या वाहण्याचा, तो इथे फारसा सतावत नाही. दुसरा आकडा तापल्यावरच्या घट्टपणाचा, आणि बाजाराच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या, फक्त वाऱ्यावर गार होणाऱ्या इंजिनाला तो नीट हवा. पण म्हणून मनाने जाड तेल घालू नये, मालक-पुस्तिकेत हवेच्या तापमानानुसार ग्रेड दिलेली असेल तर तीच घ्यावी. पेठेतल्या एक-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतच नाही, ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी साठते. अशा वापरात किलोमीटर कमी झाले तरी महिन्यांच्या हिशेबाने ऑइल बदलणे झीज रोखते. शहराची धूळ एअर फिल्टरवर बसते, म्हणून फिल्टर वेळेवर बदलावा. टायरची हवा दर पंधरवड्याला पाहावी. आणि सर्वांत मोठी काळजी नकली ऑइलची: भरवशाच्या दुकानातून, सील न तुटलेला कॅन आपल्यासमोर फोडून घ्यावा आणि रिकामा कॅन भोक पाडून टाकावा, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही. काढलेले काळे ऑइल गटारात न जाता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवे. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवरही आली आहे.

विक्रेत्यांकडून काय मागायचे, हेही स्पष्ट आहे. मोटारींच्या चाचण्यांसाठी १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय सोलापूरपासून अडीचशे किलोमीटरवर पुण्यात आहे. २०-३० टक्के ॲव्हरेज वाढवणाऱ्याला तिथे किंवा तशाच प्रयोगशाळेत ते सिद्ध करायला अडचण नसावी. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी त्याच पुण्यात सुरू केली, तेव्हापासून पुरावा मागण्याची सवय महाराष्ट्राला नवी नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. म्हणून पुढच्या वेळी "बाटली टाकू काय?" असे विचारले, तर मेस्त्रीवर न चिडता दोन गोष्टी विचाराव्यात: माझ्या गाडीच्या पुस्तिकेत हिला परवानगी आहे का, आणि या मिश्रणाच्या चाचणीचा कागद कुठे आहे. उत्तर मिळाले नाही तर बाटली परत ठेवायला सांगावी. सर्व्हिस सेंटरने न विचारता 'ट्रीटमेंट' बिलात लावली असेल तर ती ओळ काढायला लावावी आणि बिल जपून ठेवावे. ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोग सोलापुरातही आहे.